बगळी गोड बोलू लागली

युसूफ वडगाव या गावात एखाद्या नवरा-बायकोचं भांडण मिटलं की सगळ्या आळीला बरं वाटतं. राजनंदिनीला मात्र चिंता लागली होती. शहादेवमामा आणि सत्यभामामामी सलग आठ दिवस भांडले नव्हते. हे असंच चालू राहिलं तर तिला गाव सोडून पुन्हा पुण्यात पानं काढत बसावं लागणार होतं.

पानं म्हणजे झाडांची पानं. राजनंदिनी ही गावपुढारी मोहनरावांची धाकटी लेक, वय चोवीस, हात चित्रकलेचा आणि जीभ आईवर गेलेली. शिक्षण संपल्यावर ती पुण्यात कार्टून बनवणाऱ्या एका कंपनीत दोन वर्षं नोकरीला होती. तिथं उड्या मारणारी, बोलणारी, आपटणारी पात्रं दुसऱ्यांच्या वाट्याला आणि त्या पात्रांच्या मागची झाडं हिच्या वाट्याला. दोन वर्षांत तिनं इतकी पानं काढली की केज तालुक्यातल्या सगळ्या शेळ्यांचा उन्हाळा निघाला असता. एकदा धीर करून तिनं एका फांदीवर माकड बसवलं, तर साहेबांनी ते पुसायला लावलं. भाग संपल्यावर सगळ्यांची नावं खालून वर सरकत जायची. त्यात हिचं नाव ‘व इतर सहकारी’ असं असायचं. त्या तीन शब्दांवरून तिनं आईला फोनवर जेवढं रडगाणं ऐकवलं असेल, तेवढं पोटदुखीवरूनही कुणी ऐकवलं नसेल.

मग ती दिवाळीला घरी आली आणि गोठ्यामागून तिला बादलीचं भांडण ऐकू आलं.

शहादेव आणि सत्यभामा, नात्यानं नव्हे तर नुसते म्हणायचे मामा-मामी, मोहनरावांच्या मळ्यातच राहायचे. त्याआधी बावीस वर्षं दोघांनी ऊस तोडला होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा ऊस तोडत पुढं सरकतो आणि बायको त्याच्या मागं वाकून मोळ्या बांधत येते. एकटा गडी असला तर तो अर्धाच कोयता. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनीही पुन्हा ऐकून ठेवावं, पुढं लागणार आहे. गुडघे कुरकुरायला लागले तसं दोघांनी कारखान्याला जाणं सोडलं आणि मोहनरावांची गुरं सांभाळायला घेतली. उसाचा फड सुटला, पण फडात बावीस वर्षं चाललेलं भांडण काही सुटलं नाही.

“बादली पालथी कुणी घातली?” मामी विचारत होती.

“वाऱ्यानं,” मामा म्हणाला.

“वाऱ्याला हात असतेत का?”

“तुझ्या तोंडाला आवर हाय का? मग वाऱ्याला हात असले तर काय बिघडलं?”

पाऊण तास ते त्या बादलीवर भांडले. मामी दोनदा म्हणाली, “ही मी चालले माहेराला,” आणि दोन्ही वेळा शेणाची पाटी टाकून परत तिथंच आली. मामा तीनदा म्हणाला, “जा, आत्ताच्या आत्ता जा,” आणि तिन्ही वेळा तिच्या डोक्यावरचा वैरणीचा भारा त्यानं आपल्या डोक्यावर घेतला. राजनंदिनी भिंतीआड उभी राहून तोंडात ओढणी कोंबून हसत होती. हसता हसता तिला कळलं की पुण्यात दोन वर्षं जे कुणालाच जमत नव्हतं, ते इथं गोठ्यात फुकट चाललं आहे.

ती पुण्याला परत गेलीच नाही, चार दिवसांत तिनं दोन पात्रं काढली. एक रेडा आणि त्याच्या पाठीवर बसणारी एक बगळी. रेडा ऐसपैस, आळशी, चिखल दिसला की बसणारा. त्याचं नाव युवराज. बगळी दिसायला पांढरीशुभ्र, सोज्वळ आणि तोंडानं भलती फटकळ. तिचं नाव संस्कृती. बगळीला पंख आहेत, ती कधीही उडून जाऊ शकते. रेड्याला पाठ आहे, तो तिला कधीही झटकून टाकू शकतो. दिवसभर दोघं एकमेकांना ह्याच दोन धमक्या देतात आणि दोघंही तसं काही करत नाहीत. बस, एवढंच. बाकी सगळं मामा-मामींवर सोडलेलं. राजनंदिनी त्यांना संवाद लिहून द्यायचीच नाही. गोधड्या टांगलेल्या खोलीत त्यांना माईकसमोर बसवायचं आणि म्हणायचं, “आज रेड्याला डबक्यात बसायचंय आणि बगळीला बाजारात जायचंय.” पुढचं आपोआप व्हायचं, आणि कापाकापी करताना हिचे हाल व्हायचे.

पुण्याच्या एका मुलांच्या वाहिनीत स्वप्ना मॅडम होत्या. राजनंदिनीनं मोबाइलवर फिरवलेले पहिले दोन भाग त्यांना इतके आवडले की त्यांनी ते आपल्या साहेबांना दाखवले. साहेब म्हणाले, तिसराही असाच जमला तर सव्वीस भाग करू, आणि खुशाल गावात बसून करा. तिसरा भाग महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत पाठवायचा होता. इकडं पानांच्या कंपनीनंही निरोप धाडला होता, की एक तारखेला येणार असशील तर कळव, तुझी झाडं तुझी वाट बघतायत. म्हणजे एका बाजूला सव्वीस भाग आणि दुसऱ्या बाजूला झाडं, अशी गाठ होती.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात मोहनरावांनी सत्कार केला.

मोहनरावांना वाईट म्हणता येणार नाही. माणूस दिलदार. फक्त त्यांना सत्काराचं व्यसन होतं. पोरगं दहावी झालं, सत्कार. कुणी सैन्यात गेलं, सत्कार. एकाला विहिरीला पाणी लागलं तर त्याचा केलाच, पण पाणी न लागलेल्याचाही जिद्दीबद्दल केला. त्यातून जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर आलेल्या, त्यामुळे घरात शाली ताग्यानं येऊन पडल्या होत्या. आपल्या मळ्यातली माणसं मोबाइलवर गाजतायत हे कळल्यावर ते गप्प बसणं शक्यच नव्हतं.

“नंदे, फ्लेक्स करायचाय. तुला कंप्युटर येतोय, मॅटर तूच टाक. आदर्श दांपत्य असं मोठं लिव. आन माझा फोटू जरा मोकळा घे.”

राजनंदिनी तेव्हा रेड्याची शेपटी हलवण्यात गुंतली होती. तिनं दहा मिनिटांत मजकूर लिहिला आणि छापायला पाठवून दिला. मारुतीच्या पारावर शाल, श्रीफळ, फेटा असा साग्रसंगीत कार्यक्रम झाला. मोहनराव पाऊण तास बोलले. शहादेव आणि सत्यभामा म्हणजे आदर्श जोडपं, साऱ्या गावानं यांच्याकडं बघून संसार करावा, असं ते तीनदा म्हणाले. बायकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी दहा फुटी फ्लेक्स गोठ्यासमोरच्या खांबावर चढला. मधोमध हात जोडलेले मोहनराव, खाली दोन गोलांत फेटेवाला मामा आणि डोक्यावरून पदर घेतलेली मामी. त्याखाली अक्षरं: ‘गावचे कलारत्न, आदर्श दांपत्य श्री. व सौ. शहादेव यांचे हार्दिक अभिनंदन!’

आणि त्या दिवसापासून भांडण बंद झालं.

आधी राजनंदिनीच्या लक्षात आलं नाही. मग एका सकाळी तिनं मामाला बोलताना ऐकलं, “अहो, ऐकता का? जरा ती चरवी देता का?” राजनंदिनीला वाटलं, कुणी पाहुणेबाई आली असेल. डोकावून बघितलं तर समोर मामीच.

“हे घ्या,” मामी म्हणाली. “आजून काय लागलं तर सांगा.”

राजनंदिनीच्या अंगावर काटा आला. मामी तिथून निघाली आणि रस्त्याकडेला फ्लेक्ससमोर जाऊन उभी राहिली, मान वर करून. ती रोज सकाळी तिथं अशीच उभी राहायची. राजनंदिनीला वाटलं, बिचारीचं आपला फोटो बघून अजून पोट भरत नसेल.

रेकॉर्डिंगला तर कहर झाला. प्रसंग असा होता की रेडा डबक्यात बसलाय, बगळीला लग्नाला जायला उशीर होतोय आणि रेडा काही उठत नाहीये. सात मिनिटांचा भाग. राजनंदिनीनं सुरू करायची खूण म्हणून हात खाली केला तसं मामी म्हणाली, “युवराज, उठता का? लग्नाला जायचं व्हतं.”

“हा, चला की,” मामा म्हणाला. “उठलो.”

भाग संपला. अठरा सेकंद लागले होते.

“मामा, असं लगेच उठायचं न्हाई!” राजनंदिनी ओरडली. “ती तुम्हाला उठवतीय, तुम्हाला उठायचं न्हाई!”

“त्या एवढ्या प्रेमानं मनायल्या,” मामा म्हणाला, “मग न्हाई कसं मनावं?”

त्या! राजनंदिनीनं कपाळावर हात मारून घेतला. मग तिनं हट्टानं सगळा भाग लिहून काढला, ओळीगणिक विनोद घातला आणि दोघांकडून वाचून घेतला. दोघांनी तो शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा म्हटला. नुसता आवाज स्वप्ना मॅडमना पाठवला, तर त्यांचा तासाभरात फोन.

“राजनंदिनी, विनोद बरे आहेत गं. आधीच्या भागांत तर एकही धड विनोद नव्हता, आणि तरी मी रडेपर्यंत हसले. ह्यात काय झालंय सांगू? हे दोघं एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. बसस्टँडवर शेजारी बसलेत असं वाटतं.”

मग राजनंदिनीनं उपद्व्याप सुरू केले, आणि त्यात तिला मजाही वाटत होती हे लपवण्यात अर्थ नाही. तिनं मामाची तंबाखूची डबी उचलून मामीच्या पिठाच्या डब्यात पुरली. एरवी ह्यावर दोन दिवस निघाले असते. मामीनं डबी पुसून मामाच्या हातात दिली. मामा म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, मीच ठिवली आसल.” तिनं मामीच्या चहात चमचाभर मीठ टाकलं आणि “मामानं केलाय” म्हणून सांगितलं. मामीनं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. शेवटी तर तिनं मामाला जाऊन सांगितलं की मामी म्हणते, तुमच्यापेक्षा आमचा खोंड शहाणा. मामानं खोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, “खोटं न्हाई त्येंचं.” राजनंदिनीनं हात टेकले. बारा दिवस झाले होते, शनिवारला तीन राहिले होते, आणि आता तिला हसू येत नव्हतं. खरं सांगायचं तर ती घाबरली होती.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसली. आई म्हणजे सुभद्राबाई. मोहनरावांच्या पाऊण तासाच्या भाषणाला त्या घरात एका ‘बरं’मध्ये आडवं करायच्या.

“आई, तुझं आन आबांचं भांडण कधी बंद असतंय?”

“पावणे असल्यावर,” सुभद्राबाई भाकरी थापत म्हणाल्या. “परक्याम्होरं का भांडावं?”

“पण मामा-मामीकडं कुठं पाहुणे आहेत?”

“आगं, दहा फुटाचा पावना दारात टांगलाय की तुझ्या बापाचा. चोवीस तास हात जोडून बघायलाय त्यांच्याकडं.”

राजनंदिनीला ते पटलं. फ्लेक्स उतरवायला हवा होता. पण मोहनरावांना तो उतरवा म्हणून सांगणं म्हणजे त्यांना डोक्यावरचा फेटा उतरवा म्हणण्यासारखंच. म्हणून ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहज ओसरीवर गेली आणि मोबाइलमध्ये बघत म्हणाली, “आबा, दुपारी पत्रकार परिषद हाय म्हणं.”

मोहनरावांचा चहा बशीतच राहिला. “आचारसंहिता?”

“लागली की फोटूवाले सगळे फ्लेक्स उतरवतेत ना हो? ज्याचा ऱ्हाईल त्याच्यावर गुन्हा.”

राजनंदिनी खोटं बोलली नव्हती. दुपारी पत्रकार परिषद होती. ती कुठल्या गावात आणि कशाबद्दल होती, हे मोहनरावांनी विचारलं नाही. ते कुठलाही कार्यकर्ता न बोलावता स्वतः शिडी घेऊन गेले, धोतर खोचून खांबावर चढले, आपल्या हातानं आपलं हसरं तोंड गुंडाळलं आणि गोठ्यात आणून टाकलं. “शहादेव, हे बाहेर दिसता कामा न्हाई बे,” एवढं बजावून ते केजला पळाले.

दुपारी आभाळ भरून आलं. गोठ्यामागं कडब्याची गंजी उघडी होती. आमच्या भागात फ्लेक्सचं आयुष्य खांबावर थोडं आणि गंजीवर फार. मामानं ते भेंडोळं उचललं. राजनंदिनी गव्हाणीमागं दबा धरून बसली आणि तिनं मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं.

“अहो,” मामा गंजीवर चढून म्हणाला, “हे असं हातरू का?”

“पालथं घाला,” मामी खालून म्हणाली.

“आं?”

“फोटू खाली करा. पालथं घाला.”

“अहो, आबासाहेबाचं तोंड हाय त्याच्यात. कडब्यात कसं खुपसावं?”

“मग मला इचारता कावून? घाला तुमच्या मनानं! तुमचंच हाय ते!”

राजनंदिनीनं कान टवकारले. बारा दिवसांत पहिल्यांदा मामीचा आवाज चढला होता.

“चिडलीस का गं?” मामाच्या तोंडून निसटलं. “आगं, एवढा आपला सत्कार झाला...”

“आपला? कुनाचा आपला? दावा, कुठं हाय माझं नाव त्याच्यावर?”

मामा गंजीवर रांगत अक्षरांपाशी आला. चौथीपर्यंत शाळा झाली होती त्याची. “हे काय, श्री. व सौ. शहादेव. सौ. म्हंजी तूच की.”

“सौ. म्हंजी मी? सौ. तर गावात चारशे हायेत!”

मामानं पुन्हा एकदा त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“रोज सकाळी हुबी राहून वाचलं मी,” मामी म्हणाली. “नातीनं पाटीवर आक्षरं शिकवली, तव्हापासून कव्हा वापरायाच मिळाली न्हाईत. पयल्या दिशी वाटलं, आपलंच वाचन कच्चं हाय, मनून सापडंना. नातीला फोनवर इचारलं, सत्यभामा कसं लिवतेत गं? तिनं सांगितलं. दुसऱ्या दिशी पुन्ना बघितलं. वरून खाली बघितलं. छापनाऱ्याचा फोन नंबर हाय त्याच्यावर, माझं नाव न्हाई.”

“आगं, पन...”

“बावीस वर्सं मुकादमाच्या यादीत तुमचं नाव, एक कोयता. ह्यातला अर्धा कोन हाय, कुनी इचारलं न्हाई. मी बी न्हाई इचारलं. मला कुठं वाचाया येत व्हतं? आता येतंय.”

“मग मला सांगायचं न्हाई का?” मामा आता गंजीवरून ओरडायला लागला. “बारा दिस गोड कावून बोलायलीस? मला वाटलं, शाल पांघरली आन बाई मोठी झाली. मनून मी बी अहो-जाहो करायलो. जीभ दुखली माझी!”

“परक्या बाईनं काय भांडावं? सौ. हाय मी. सौ. भांडत नसती!”

गव्हाणीमागं राजनंदिनीच्या हातात मोबाइल चालूच होता. असं रेकॉर्डिंग तिला आजवर मिळालं नव्हतं आणि पुढं मिळेल असंही नव्हतं. थोडं कापलं, रेड्याच्या आणि बगळीच्या तोंडी बसवलं, की भाग तयार. पण तिचे कान लाल झाले होते. तो मजकूर आबांनी लिहिला नव्हता, तिनं लिहिला होता, दहा मिनिटांत, शेपटी हलवता हलवता. आणि तेवढंच नव्हतं. पहिल्या दोन भागांच्या शेवटी तिनं स्वतःचं नाव टपोऱ्या अक्षरांत घातलं होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘आवाज: शहादेवमामा आणि मामी’. ‘व इतर सहकारी’वरून दोन वर्षं आईचे कान खाल्लेली ही पोरगी. तिला स्वतःची शरम वाटली, आणि ती गव्हाणीमागून उठून उभी राहिली.

“मामी, ते आबांनी न्हाई लिहिलं. मी लिहिलं.”

मामीनं तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

“ताई,” ती म्हणाली, “तुमी तर शिकलेल्या.”

राजनंदिनीनं काही सबब सांगितली नाही. ती पुढं गेली, मामीला मोबाइल दाखवला आणि तिच्यादेखत ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. मग मामाबरोबर गंजीवर चढून तिनं आपल्या हातानं फ्लेक्स पालथा घातला, आबांच्या तोंडासकट. पाऊस आलाच नाही, पण त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती टेबलाशी नुसती बसून होती. पानांच्या कंपनीला ‘येते’ म्हणून लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात दारात मामी आली, मागून मामा.

“बसवा तुमचं यंत्र,” मामी म्हणाली.

“मामी, तुमच्या मनात नसंल तर...”

“माझ्या मनात काय हाय ते आयका आधी. ते गावातले लोक रेड्याच्या नावाची पाटी लावतेत. ‘युवराज व पक्षी’. आन त्या बगळीला वाचाया येतंय, हे त्या रेड्याला ठावं न्हाई.”

राजनंदिनीनं गोधड्या सारख्या केल्या आणि हात खाली केला. तिला त्यानंतर तोंड उघडायची गरजच पडली नाही. बगळी पाटी वाचून पाठीवरून उतरली आणि म्हणाली, पक्षी तर रानात चारशे हायेत, बसव एखादा. रेडा म्हणाला, बसवतो की, आणि त्यानं एक कावळा बसवला. कावळा रेड्याच्या हो ला हो करायचा. रेडा डबक्यात बसला, कावळा म्हणाला वा. रेडा उठला, कावळा म्हणाला वा वा. दोन दिवसांत रेड्याला जेवण जाईना. (कावळाही मामाच झाला होता, नाकात बोलून.) मग रेडा पाटीपाशी गेला, शिंगानं ‘पक्षी’ खरवडलं आणि झाडावर बसलेल्या बगळीला म्हणाला, “उतर खाली. शिवी घातल्याबिगर मला झोप लागंना.” बगळीनं उतरायला साडेतीन मिनिटं लावली आणि त्या साडेतीन मिनिटांत रेड्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. सात मिनिटांच्या भागाचं रेकॉर्डिंग एकोणतीस मिनिटं झालं. राजनंदिनी गोधडीत तोंड खुपसून हसली, आणि मध्येच डोळेही पुसले.

शनिवारी दुपारी कच्चा भाग गेला. संध्याकाळी स्वप्ना मॅडमचा आवाजी निरोप आला. पहिलं पाऊण मिनिट त्यात नुसतं हसणं होतं. नंतर त्या म्हणाल्या, “सव्वीस करा. आणि तो कावळा पुन्हा आणा.” राजनंदिनीनं पानांच्या कंपनीला लिहिलं की माझी झाडं दुसऱ्या कुणाला द्या, आणि जमलं तर त्याचं नाव लिहा.

शेवटची नावं टाकायची राहिली होती. तिनं मामा-मामींना बोलावलं, अक्षरं मोठी केली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. मामी पुढं सरकली. बोट पडद्याला न लावता, हवेतच धरून, तिनं एकेक अक्षर वाचलं. स. त्य. भा. मा. मग बोट मागं आणून तिनं तेच पुन्हा एकदा वाचलं.

मामानं मात्र मान वाकडी करून पुढचं वाचलं. ‘आवाज: सत्यभामा आणि शहादेव’.

“माझं नाव मागं कावून?” तो म्हणाला.

“बावीस वर्सं फडात कोन मागं व्हतं?” मामी वळली नाही. “तुमी तोडत म्होरं, मी मोळ्या बांधत मागं. आता चाला की तुमी मागं.”

मामानं गुडघा चोळला.

“चालतो,” तो म्हणाला. “पन जरा हळू चाल. गुडघे दुखतेत माझे.”

“गुडघे कव्हा न्हाई दुखले तुमचे?” मामी कडाडली. “लग्नात सातवा फेरा बी बसूनच घेनार व्हते!”

“खोटं! साफ खोटं! त्या दिशी काटा मोडला व्हता!”

“काटा! मांडवात काटा!”

राजनंदिनीनं आवाज न करता माईक चालू केला.

“चालू केलं का ते?” मामी तिच्याकडे न बघताच म्हणाली. “मग ह्या भागावर बी आधी माझं नाव लिवा.”